तांडेल बाई ‘बरी’ म्हणाल्या नाहीत

बुडालेल्या कारखान्याचा मालक, बँकेचा अधिकारी, युनियनचा पुढारी, या सगळ्यांच्या तोंडून मी मला हवा तो शब्द काढलेला आहे. माझा धंदाच तसा. बंद पडलेल्या कंपन्यांतून जुनी लेथ मशिनं, मोटारी, कॉम्प्रेसर उचलायचे, भांडुपच्या गाळ्यात आणून दुरुस्त करायचे आणि विकायचे. बाप विक्रोळीला ज्या कारखान्याच्या गेटवर हमाली करायचा, त्याच गेटातून पुढे मी मशिनं बाहेर काढली. हे मला कुणी शिकवलं नाही. समोरचा माणूस कुठे वाकतो ते बघत बघत शिकलो. पण डॉ. तांडेल नावाच्या बाईंकडून चार वर्षांत मला दोन शब्द मिळाले नाहीत. ‘बरी आहे.’ एवढंच म्हणायचं होतं, माझ्या मुलीबद्दल.

आजही त्यांची आठवण आली की आधी राग येतो. बाकीचं नंतर.

मुलुंडला फरसाणाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना होता. लहान मुलांच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, एवढंच काम. बाई बुटक्या, रुंद बांध्याच्या, सुती साडीचा पदर खोचलेला, चष्मा दोरीने गळ्यात. मोठ्या माणसांशी बोलताना आवाज रस्त्यापर्यंत जायचा आणि मुलांशी बोलताना शेजारी बसलेल्यालाही ऐकू यायचा नाही. कोळ्यांच्या घरातल्या. आई भांडुपच्या बाजारात टोपली घेऊन बसायची, हे त्या स्वतःच कुणालाही सांगायच्या. मला तर पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि कौतुकाने नाही.

लग्नानंतर बरीच वर्षं वाट बघून आम्हाला मुलगी झाली. महिना भरायच्या आत तिला ताप आला. नर्सिंग होमवाल्यांनी इन्फेक्शन सांगितलं, अँटिबायोटिक लावलं. ताप उतरला, घरी सोडलं. घरी आणल्यावर पुन्हा चढला. पुन्हा नेलं, पुन्हा तेच. रक्तात जंतू काही सापडत नव्हता. प्रत्येक वेळी मला सांगायचे, ‘काही काळजी करू नका, शंभर टक्के बरी होईल.’ शंभर टक्के म्हणणाऱ्या माणसाकडून मी कधी मशीन घेत नाही, पण तेव्हा घेतलं. शेवटी तिथल्या एका डॉक्टरला ठोके फारच जलद वाटले आणि त्याने दुसऱ्या दिवशी इको करून आणायला सांगितलं.

तांडेल बाईंच्या दवाखान्यात बाहेर बाकावर चार-पाच आया मुलं घेऊन बसल्या होत्या. मी कुणाला न विचारता सरळ आत शिरलो.

“मॅडम, इमर्जन्सी आहे.”

“बाहेर बसलेत ते काय सिनेमाला आलेत?” बाई म्हणाल्या. पण उठून बाहेर आल्या. सुजाताच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, मांडीवरच्या बाळाचा श्वास बघितला, पोटावर हात ठेवला, कपाळाला लावला. “ही थोडी थांबू शकते,” त्या मला म्हणाल्या. “तुम्ही थांबू शकत नाही, ते वेगळं.”

मी म्हणालो, मी काहीतरी करतो, आधी घ्या. काहीतरी म्हणजे काय ते त्यांना समजलं. “शेठ,” त्या म्हणाल्या, “माझी आई मासळी विकायची. तुमच्यासारखे रोज यायचे. बसा.”

त्या दिवसापासून मी त्यांचा ‘शेठ’ झालो. आडनाव खरात आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आमचा नंबर आला तेव्हा बाईंनी स्टेथोस्कोप लावला नाही. आधी बाळाची बोटं हातात घेतली. पुढे चार वर्षं मी बघत आलो, त्यांची सुरुवात बोटांपासूनच व्हायची. एकेक बोट उलटून नखाशी बघायचं, मग पायाची. त्या दिवशी त्यांनी बोट नाकाशी नेलं आणि विचारलं, “हिला एवढं सजवून कुणी आणलं?”

माझी आई बरोबर होती. जालन्याकडची बाई, तिला त्यात चूक काय ते समजेना. “दवाखान्यात न्यायचं लेकरू. घाणेरडं कसं न्यावं?”

आईने सकाळी बाळाला न्हाऊ घातलं होतं, तेल चोपडलं होतं, पावडर लावली होती, काजळ घातलं होतं. मशीन गिऱ्हाइकाला दाखवायच्या आधी आम्हीही रंगाचा हात मारतो. मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. बाईंनी स्पिरिटच्या कापसाने ते बोट पुसलं. तेलाखाली नखाभोवतीची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटलेली होती.

“हे कधीपासून, आजी?”

“ते त्या न्हाऊ घालणारीनं केलं. डाळीचं पीठ खसाखसा घासायची. मी तिला काढून टाकली.”

“डोळे लाल होते का?”

“झाले होते. काजळ झोंबलं.”

“ओठ?”

“ओठ बी लाल. घुटीत वेखंड जास्त उगाळलं गेलं असंल.”

“आणि अंगावर पुरळ?”

“शेगडीचा शेक जास्त झाला. ताप बी त्यानंच आला, मी म्हणतच होते.”

मला वाटलं, आता बाई आईवर ओरडणार. मी बाह्या सरसावूनच उभा होतो. पण बाई स्टुलावर बसल्या. “आजी, तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण आहे,” त्या म्हणाल्या. “तिकडे नर्सिंग होममध्येही असणार. ताप इन्फेक्शनचा, पुरळ औषधाचं, ठोके तापाचे. नवीन बाळाची कातडी सुटतेच. सगळी कारणं खरी वाटतात. म्हणून कुणी ही लक्षणं एका ठिकाणी मांडत नाही.”

मग सुजाताला म्हणाल्या, “बाय, तू दूध पाज तिला. झोपली की बघू.”

बाईंची रीत अशी होती की रडणाऱ्या मुलाचा इको त्या करायच्याच नाहीत. बाहेर कितीही गर्दी असो. खोलीत अंधार करायचा, जेली आधी स्वतःच्या तळहातावर घेऊन कोमट करायची आणि अगदी हळू आवाजात म्हणत राहायचं, “पापलेट, सुरमई, हलवा, रावस... घे गं बाय, ताजी हाय...” त्यांची आई जे बाजारात ओरडायची, तेच त्या अंगाईसारखं म्हणायच्या. मुलं झोपायची. मी दात-ओठ खात उभा राहायचो. माझ्या मुलीचं काळीज तपासायचंय आणि ही बाई मासळी विकतेय.

“नाव काय पोरीचं?” पडद्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं.

“अजून ठेवलं नाही.”

“मग तोवर मांदेली. एवढीशीच आहे आणि चकाकतेय.”

त्या सगळ्याच पोरांना माशांची नावं द्यायच्या. मला ते आवडलं नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. तेवढ्यात त्यांचा हात थांबला. पडद्यावर त्या एकाच जागी बराच वेळ बघत राहिल्या.

मग दिवा लावून त्यांनी सांगितलं. हृदयाला स्वतःलाच रक्त पुरवणाऱ्या ज्या बारीक नळ्या असतात, त्या फुगल्या आहेत. डाव्या बाजूची जास्त. हृदयाच्या स्नायूला सूज आहे आणि भोवती थोडं पाणी धरलंय. हे जंतूंचं काम दिसत नाही, शरीर स्वतःवरच उलटलंय. आजाराचं एक जपानी नाव त्यांनी घेतलं, मोटरसायकलसारखं. “पण मोठ्या मुलांत तो जसा दिसतो तसा हिच्यात पुरता दिसत नाही. एवढ्या लहान बाळात फार क्वचित होतो आणि होतो तेव्हा असाच अर्धामुर्धा, वेष बदलून येतो. पण थांबून चालणार नाही. आजच ॲडमिट करा, मी फोन करते.”

“म्हणजे नक्की तोच आजार?”

“नक्की म्हणत नाही. त्याच्यासारखा म्हणते.”

“कशाने झाला?”

बाळंतपणाच्या आधी सुजाताला ताप येऊन गेला होता. त्याचाही संबंध असेल, त्या म्हणाल्या. नसेलही, असंही म्हणाल्या.

माझं डोकं तिथेच फिरलं. आजाराचं नाव नक्की नाही, कारण नक्की नाही आणि औषध मात्र आजच्या आज. असा माल मी आयुष्यात उचलला नव्हता. तरी उचलला. बाळाला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. कित्येक अनोळखी लोकांच्या रक्तातून काढलेलं औषध थेंब थेंब तिच्या शिरेत गेलं. ताप गेला, तो गेलाच. मी पेढे घेऊन मुलुंडला गेलो.

“ताप गेला. आता नळ्या बरोबर होतील ना?”

“बघू.”

“टक्के तरी सांगा.”

“टक्के सगळ्या मुलांचे मिळून असतात, शेठ. एकट्या पोरीचे टक्के नसतात.” पेढा मात्र त्यांनी खाल्ला.

पुढच्या तपासणीत डावी नळी आणखी फुगलेली निघाली. मी त्या दवाखान्यात जे काही बोललो ते खाली फरसाणवाल्याने ऐकलं. ताप गेला म्हणालात, औषध दिलं म्हणालात, मग हे काय. सुजाता माझा शर्ट ओढत होती. बाई चष्मा पुसत राहिल्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, “ताप गेलाच. आग विझली म्हणून तापलेलं भांडं लगेच गार होतं का? गोळी चालू ठेवायची, रक्त पातळ राहायला हवं. पुढच्या महिन्यात या.”

हे ‘या’ त्यांचं ठरलेलं होतं. महिन्याने या. तीन महिन्यांनी या. पावसाळ्यानंतर या. दुसरा शब्द नाही.

मग मी तेच केलं जे कुठलाही व्यापारी करतो. दुसऱ्याकडे भाव काढला. घाटकोपरच्या एका डॉक्टरने इको करून हसत सांगितलं, सगळं ठीक आहे, विसरून जा. तो रिपोर्ट घेऊन मी बाईंच्या टेबलावर आपटला. मला त्यांचा चेहरा बघायचा होता. त्यांनी रिपोर्ट उघडलाच नाही. त्यावर वजन ठेवलं, आपला स्वतःचा जुना रिपोर्टही पालथा घातला आणि मांदेलीला आत घेतलं.

तेव्हा मला कळलं की त्या नेहमीच असं करतात. मागचं माप बघायच्या आधी नवं माप घ्यायचं. मी विचारलं तर म्हणाल्या, “मागचा आकडा डोळ्यात असला की हात तिकडेच जातो. कमी व्हावं असं वाटत असलं की कमीच दिसतं.”

मीही समोरच्याचा भाव ऐकायच्या आधी मालाची किंमत मनात ठरवून टाकतो. एकदा त्याचा आकडा कानात गेला की आपला हलतो. बाईंना हे माहीत असावं याचाच मला जास्त राग आला.

माप घेऊन झाल्यावर त्यांनी दोन्ही कागद उलटले. “त्या डॉक्टरांचं चुकलं नाही,” म्हणाल्या. “तेव्हा ही रडत होती ना?”

“फार रडत होती.”

“रडणाऱ्या बाळाची नळी कुणालाच धड दिसत नाही. मलाही नाही. आज दिसली, अजून फुगलेलीच आहे. गोळी चालू ठेवा. तीन महिन्यांनी या.”

आता नावाचं सांगतो. आमच्याकडे बाळाचं नाव ठेवतात तेव्हा भंतेजींना बोलावतात, बुद्धवंदना होते, नातलग जमतात. माझ्या मुलीचं तर मी हॉल घेऊन करणार होतो. जन्मदाखल्यावर मित्रा असं नाव घातलेलं होतं. पण मी आईसमोर बोललो होतो, ज्या दिवशी तांडेल बाई बरी म्हणतील त्या दिवशी सगळ्यांसमोर नाव ठेवायचं. तोवर ते नाव घरात कुणी उच्चारायचं नाही. सुजाता म्हणाली, असं कुठे असतं का. मी म्हणालो, माझ्याकडे असतं. पहिला वाढदिवस गेला. दुसरा गेला. घरात, बिल्डिंगमध्ये सगळे तिला मांदेलीच म्हणू लागले. वॉचमनसुद्धा.

एकदा बाईंनी बोटं बघता बघता तिलाच विचारलं, “नाव काय तुझं?”

“मांदेली,” ती म्हणाली.

बाई माझ्याकडे वळल्या. “अजून नाव ठेवलं नाही?”

“तुम्ही बरी म्हणाल त्या दिवशी ठेवणार.”

त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच काय तो ऐकला, म्हणजे नेहमीपेक्षा चढलेला. “माझ्या जिभेवर पोरीचं नाव अडकवून ठेवलंत? हा सौदा मी केलेला नाही, शेठ. मला न विचारता मला यात घालायचं नाही.”

“मग म्हणा ना. दोन शब्द तर आहेत.”

“तुमच्यासाठी म्हणू का तिच्यासाठी?”

“दोघांसाठी.”

“तिला गरज नाही. ती खेळतेय.” आणि खरंच ती टेबलाखाली शिरून त्यांच्या चपलांत पाय घालत होती.

चौथ्या वर्षी एक दिवस माप बरोबर आलं. बाईंनी ते पुन्हा घेतलं, कागद उलटले आणि पहिल्यांदा स्वतःहून सांगितलं, “दोन्ही नळ्या तिच्या वयाला असाव्यात तेवढ्याच आहेत.”

मी टेबलाची कड धरली. “मग बरी झाली.”

“माप बरोबर आलं.”

“तेच ना.”

“तेच नाही. तुम्ही मशिनं विकता. सिलेंडर एकदा फार तापला, मग घासून-पुसून त्याचं आतलं बोअर बरोबर मापात आलं, तर तुम्ही तो कोरा म्हणून विकाल?”

विकला असता की नाही हा प्रश्न वेगळा. कोरा तो नसतो, हे मला माहीत आहे. आतून धातू बदललेला असतो आणि ते माप घ्यायच्या गेजला दिसत नाही.

“मला आतली पोकळी दिसते,” बाई म्हणाल्या. “भिंत दिसत नाही. गोळी आजपासून बंद. तिला धावू दे, खेळू दे, शाळेत घाला. वर्षातून एकदा या. मोठी होईपर्यंत.”

घरी आल्यावर आई म्हणाली, गोळी बंद झाली म्हणजे बरीच झाली की. सुजाता मुलीला गॅलरीत उड्या मारायला घेऊन गेली. मी मात्र त्या रात्री जेवलो नाही. मागितलं ते मिळालं आणि सही राहिली, असा तो व्यवहार होता. गोळी बंद झाली तरी मुलगी जरा धावली की माझा हात आपोआप पुढे जायचा आणि तोंडातून निघायचं, “पळू नको.”

वर्षाने गेलो तर पायऱ्यांखालची पाटी बदललेली. तांडेल बाईंनी दवाखाना सोडला होता. हात थरथरायला लागला म्हणून, असं फरसाणवाला म्हणाला. कुणी तक्रार केली नव्हती, त्यांनाच दिसलं आणि त्यांनी काम थांबवलं. जाताना मला कळवलंही नाही. कशाला कळवतील, मी त्यांचा कोण.

नवीन डॉक्टर तरुण होता, हसतमुख. त्याने आधी बाईंचा जुना रिपोर्ट नीट वाचला, मग इको केला आणि म्हणाला, “एकदम नॉर्मल, काका. पोरगी ठणठणीत आहे.”

ज्या शब्दासाठी मी एवढी वर्षं भांडलो, तो असा विचारायच्या आधीच हातात पडला आणि मला त्याची काही किंमत वाटेना. खाली उतरताना सुजाता म्हणाली, “आता तरी हॉल घे.” मी म्हणालो, बघू. माझ्या तोंडून हा शब्द निघालेला ऐकून ती हसली आणि मला आणखी राग आला.

त्यानंतर बाई मला एकदाच दिसल्या. रविवारी सकाळी भांडुपच्या मासळी बाजारात. मी मुलीला घेऊन गेलो होतो. पुढच्या गल्लीतून ओळखीचा आवाज आला. तांडेल बाई एका कोळणीशी घासाघीस करत होत्या. मी बघतच राहिलो. पदर खोचलेला, एक पाय मासळीच्या पाटीला लावलेला, अंगात आल्यासारख्या.

“ताजी म्हणून सांगू नको मला. कल्ला दाखव.”

“सकाळची हाय गो बाय.”

“कुठल्या सकाळची? दाखव कल्ला.”

कोळणीने सुरमईचा कल्ला उचलून दाखवला. बाईंनी वाकून बघितलं, बोट लावलं, वास घेतला, आणि मग कुठे पिशवी पुढे केली. वस्तू आवडली तरी त्या चेहरा पडलेलाच ठेवून होत्या. हे मला कुणी सांगायला नको.

मी पुढे झालो. “नमस्कार, मॅडम. माझ्याशी कधी एक पैचा सौदा केला नाहीत.”

“तुमच्याकडे मासळी नव्हती, शेठ.” त्यांचा उजवा हात पिशवीच्या बंदावर हलकेच थरथरत होता. त्यांनी तो डाव्या हाताने धरला.

“नवीन डॉक्टर नॉर्मल म्हणाले.”

“चांगलं झालं.”

“तुम्ही म्हणा.”

त्या मुलीपुढे वाकल्या, तिची बोटं हातात घेतली आणि एकेक उलटून नखाशी बघितली. बाजारात, मासळीच्या हाताने. मुलीने सवयीने दुसरा हातही पुढे केला. तोही बघून झाला. मी वाट बघत होतो. निदान ‘या’ तरी म्हणतील, वर्षाने या, कुठे तरी या. सौद्यात जो आधी गप्प होतो तो जिंकतो, हे मला ठाऊक आहे. पण या चुप्पीचा अर्थ मला लावता येईना. बरी आहे म्हणून, की आता बघणं त्यांचं काम राहिलं नाही म्हणून?

बाई पिशवी उचलून चालू लागल्या. त्यांचा चष्मा पाटीच्या कडेला राहिला होता, दोरीसकट. मुलीने तो उचलला आणि धावत सुटली. ओल्या फरशीवरून, पाट्यांमधून, सरळ. माझा हात पुढे गेला, तोंड उघडलं. तेवढ्यात बाईंनी मागे वळून बघितलं आणि तिथूनच मला हाताने थांबवलं. मुलगी त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर त्या तशाच उभ्या राहून तिचं धावणं बघत होत्या. चष्मा घेतला, वाकल्या, काहीतरी विचारलं. मुलीने काहीतरी सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि गर्दीत गेल्या.

मुलगी धापा न टाकता परत आली.

“काय विचारलं त्यांनी?”

“नाव काय तुझं.”

“मग? मांदेली सांगितलंस?”

“नाही,” ती म्हणाली. “मित्रा.”

“ते तुला कुणी सांगितलं?”

“आईने. कधीच सांगितलंय.”

“आणि त्या काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, हां, आता बरोबर.”

कोळण मघापासून विचारत होती, शेठ, काय देऊ. ज्या सौद्यावर मी एवढी वर्षं बसून होतो, तो या बायकांनी मला बाजूला ठेवून कधीच उरकला होता, आणि भाव काय ठरला ते मला अजूनही कुणी सांगितलेलं नाही.